ईदच्या डब्यात गुळाची कुकी

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या दिंद्रुडमध्ये दोन प्रश्न घरोघर विचारले जातात. चाँद कधी दिसणार आणि नानखटाई कुठून आणायची? पहिल्याचं उत्तर आभाळाच्या हाती आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र गेल्या काही वर्षांत फार सोपं होऊन गेलंय. माजलगावला जायचं, दुकानातून चकचकीत कागद लावलेले दोन-तीन बॉक्स उचलायचे आणि घरी यायचं. ईदला आलेल्या पाहुण्यापुढे तोच बॉक्स, शेजारी जाणाऱ्या डब्यातही तीच नानखटाई.

मला हे खटकतं. विकतची नानखटाई वाईट असते असं माझं म्हणणं नाही. चांगल्या बेकरीची नानखटाई घरच्यापेक्षा देखणी असते. पण सणाला दाराबाहेर जाणारी वस्तू आपल्या हातची असावी, निदान एक तरी असावी, असं मला वाटतं. आणि ज्याने आयुष्यात कधी काही भाजलेलं नाही, त्यालासुद्धा जमेल अशी एक वस्तू आहे. खजूर घातलेली, गुळाची मऊ कुकी. ती का आणि कशी करायची, हे आज सांगते.

आधी जुनी पद्धत आठवा. ईदच्या आधी घरातल्या बायका मैदा, पिठीसाखर, डालडा, रवा आणि वेलदोडे पिशवीत घालून बेकरीवर जायच्या. तिथेच परातीत पीठ मळायचं, तिथेच गोळे वळायचे, बेकरीवाल्याच्या काळ्या पत्र्यांवर ओळीने मांडायचे आणि आपला नंबर येईपर्यंत भट्टीसमोर बसायचं. माल आपला, मेहनत आपली, भट्टी त्याची. तो भाजणावळ किलोवर घ्यायचा. दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच भट्टीवर मराठा, वंजारी, धनगर घरांतल्या बायका गव्हाचं पीठ, साखर आणि दूध घेऊन यायच्या. पत्र्याच्या मोठ्या डब्यात बिस्किटं भरून न्यायच्या. भट्टी एकच, फक्त महिना वेगळा. कुणाची बिस्किटं करपली, कुणाची फुलली, याची चर्चा सगळ्या मिळून करत.

ती रांग आता आखूड झाली. कुणाला वेळ नाही, कुणाला डोक्यावर पिशवी घेऊन जाण्याची लाज वाटते, आणि अनेक बेकऱ्यांनाही दुसऱ्याचं पीठ भाजण्यापेक्षा स्वतःचा माल विकणं परवडतं. त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. भट्टी गेली तर कढई आहे.

मग घरी नानखटाईच का करू नये? जरूर करा, पण सुरुवात तिच्यापासून करू नका. नानखटाईचं सगळं मर्म फेटण्यात आहे. तूप किंवा डालडा पिठीसाखरेबरोबर तळहाताने इतकं घोळायचं की ते पांढरं आणि हलकं व्हावं. त्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. तूप मैद्याच्या कणाकणाला वेढून बसतं, त्यामुळे पिठाला ताण येत नाही आणि दाताखाली खुसखुशीत भुगा होतो. आता आपल्याकडची हवा बघा. मार्चमध्येच बीड जिल्ह्यात दुपारी घरातलं तूप पातळ झालेलं असतं. अशा तुपाची नानखटाई भाजताना पसरते आणि तिचं थालीपीठ होतं. आमची अम्मी म्हणायची, "नानखटाई हात से नई, सबर से बनती." पहिल्यांदा करणाऱ्याकडे सगळं असतं, तेवढं सबर नसतं.

मऊ कुकीचा स्वभाव याच्या बरोबर उलटा आहे. तिला पातळ तूप-लोणीच हवं असतं. तिला थोडं पाणी, थोडा ओलावा लागतो, कारण चावताना किंचित ओढ लागली पाहिजे. गोल एकसारखा आला नाही तरी चालतो. वर भेगा पडल्या तर उलट बऱ्या दिसतात. म्हणजे नानखटाईत ज्या गोष्टी दोष ठरतात, त्यातल्या निम्म्या इथे गुण ठरतात. नवख्या माणसाला एवढी माफी कुठल्या पदार्थात मिळते?

या मऊपणाचं कारण आपल्या घरातच आहे. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. साखरेच्या डब्याला तसं होत नाही. गुळात साध्या साखरेसोबत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, मळीचा अंश असतो, आणि हे सगळं हवेतला ओलावा ओढून धरतं. जो गूळ हवेतून पाणी ओढतो, तोच कुकीच्या पोटातलं पाणी सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून साखरेचं बिस्किट कडक होतं आणि गुळाची कुकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहते.

इंटरनेटवरच्या सगळ्या कृतींमध्ये यासाठी 'ब्राऊन शुगर' सांगतात. ती म्हणजे काय, हे ऊस पिकवणाऱ्या आणि ऊस तोडणाऱ्या जिल्ह्याला मी काय सांगावं! कारखान्यात रसापासून साखर करताना मळी वेगळी निघते. बाजारातली बरीचशी ब्राऊन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेत तीच मळी थोडी परत मिसळलेली असते. तेलगावच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या ज्यांच्या दारावरून जातात, ज्यांच्या गल्लीतली माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्यांनी ब्राऊन शुगर ऑनलाइन मागवावी, यापेक्षा मोठा विनोद नाही. गूळ घ्या. पिवळाधमक घेऊ नका, काळपट घ्या. मळीचा अंश त्यात जास्त असतो, कुकीला रंग आणि वास तोच देतो.

आता कृती. यात बारा ते चौदा कुकी होतात.

लोणी १०० ग्रॅम. विकतचं बटर असेल तर बिनमिठाचं. लोणी नसेल तर ८० ग्रॅम तूप आणि चार चमचे दूध. काळा गूळ बारीक किसून ११० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, मैदा १७० ग्रॅम, घट्ट दही दोन मोठे चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची पूड, आणि बिया काढून चिरलेला खजूर मूठभर. रोजा सोडायला आणलेला खजूर ईदला हमखास उरतो. चॉकलेटच्या तुकड्यांची जागा तो छान घेतो आणि कुकीची ओढही वाढवतो. अंडं नाही. त्याचं कारण पुढे सांगते.

लोणी मंद आचेवर वितळवा आणि गॅस बंद करा. कोमट असतानाच त्यात गूळ आणि साखर घालून ढवळा. गुळाचा खडा राहू देऊ नका, भाजताना तो करपतो. मिश्रण पूर्ण गार झालं की दही घालून चांगलं फेटा. मैदा, सोडा आणि मीठ एकत्र चाळून त्यात घाला. इथून पुढे हात आखडता घ्यायचा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, नाहीतर कुकी मऊ होण्याऐवजी वातड होते. शेवटी खजूर मिसळा. निम्मा मैदा काढून गव्हाचं पीठ घातलं तरी चालतं, फक्त एक चमचा दूध जास्त लागतं.

हे पीठ झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका. थंड पीठ भाजताना हळू पसरतं, म्हणून कुकीचा मधला भाग जाड आणि मऊ राहतो. फ्रिज नसेल तर पिठाचा डबा गार पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाका. तासाभराने लिंबाएवढे गोळे करा. ते चपटे करू नका, आपोआप बसतात.

ओव्हन असेल तर १७५ अंशावर दहा ते बारा मिनिटं. नसेल तर जाड बुडाची कढई किंवा जुनं पातेलं घ्या, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर चुंबळीसारखी एखादी रिंग किंवा उलटी वाटी ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या स्टीलच्या ताटलीत चार-पाच गोळे लांब लांब मांडून आत ठेवा आणि आच कमी करा. साधारण पंधरा ते अठरा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. नॉनस्टिकचं भांडं यासाठी वापरू नका. कोरडं तापवून ते खराब होतं.

सगळा खेळ शेवटच्या दोन मिनिटांचा आहे. कडा पक्क्या झाल्या, थोड्या तपकिरी झाल्या आणि मधला भाग अजून ओला, कच्चा वाटतोय, अशा वेळी कुकी बाहेर काढायची. मन म्हणतं, अजून दोन मिनिटं ठेवू. ठेवायची नाही. ताटलीतल्या उष्णतेवर ती पुढची दहा मिनिटं शिजत राहते. तोवर हात लावायचा नाही, उचलायला गेलात तर मोडते. गार झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि सोबत पोळीचा छोटा तुकडा टाका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पोळी वाळते आणि कुकी मऊ राहते. तुकडा रोज बदला. तीन-चार दिवस काळजी नाही.

चाँदरातीच्या धावपळीत हे कसं जमणार, असं कुणी विचारेल. त्या रात्री करूच नका. पिठाचे गोळे फ्रिजमध्ये दोन दिवस आरामात राहतात. ईद शनिवारी की रविवारी याचा वाद चालू असताना तुमचे गोळे तयार असतात. ईद सरकत सरकत थंडीकडे निघाली आहे, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत हवाही साथ देईल. तेव्हा नानखटाईचा अभ्यासही सुरू करता येईल.

आता मला घेतले जाणारे आक्षेप.

पहिला आक्षेप, कुकी आपली नाही, नानखटाई आपली. असं म्हणणाऱ्यांना नानखटाईचा जन्म कसा सांगितला जातो ते ठाऊक नसावं. सतराव्या शतकात डच व्यापारी सुरतेत वखार घालून बसले. त्यांच्यासाठी भट्टीवर पाव भाजले जात. डच गेल्यावर भट्टी एका पारशी माणसाच्या, दोटीवाला घराण्याच्या हाती आली. ताडी घालून फुगवलेले पाव आणि अंड्याची बिस्किटं स्थानिक लोक घेईनात. तेव्हा ताडी आणि अंडं वगळून जे बिस्किट बनलं, त्यातून नानखटाई आली, अशी सुरतेची गोष्ट आहे. नावातलं 'नान' फारसी आहे. आणि 'कुकी' हा शब्द? तोही डचच. 'छोटा केक' या अर्थाचा 'कूक्ये' हा त्यांचा शब्द. १६६४ साली इंग्रजांनी घेऊन न्यूयॉर्क असं नाव दिलेल्या गावात त्याआधी डचांची वसाहत होती. अमेरिकेच्या इंग्रजीत हा शब्द डचांकडूनच शिरला. पुढे १९३०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाऊस या खाणावळीच्या रूथ वेकफील्ड यांनी चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी केली आणि ती जगभर गेली. म्हणजे नानखटाई आणि कुकी दूरच्या मावसबहिणी निघाल्या. एक सुरतेत राहिली, एक अमेरिकेत गेली. परत आलेलीला दारात अडवण्याचं कारण नाही, विशेषतः ती आपला गूळ आणि आपला खजूर घालून येत असेल तर.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो बायकांचा आहे. महिनाभर सहरीला उठायचं, इफ्तारची तयारी करायची, ईदच्या सकाळी शिरखुर्मा, दुपारी बिर्याणी, आणि वर हे नवं काम? त्यांचं बरोबर आहे. म्हणून ही कृती मी बायकांसाठी लिहिलेलीच नाही. नवखा म्हणजे कोण? ज्याने स्वयंपाकघरात कधी काही केलेलं नाही तो. आपल्या घरात असा माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. तरावीह झाल्यावर चौकात तासभर गप्पा मारणारी मुलं आहेत, मोबाईल बघत बसलेले भाऊ आहेत, ईदला फक्त अत्तर आणि नवा कुर्ता एवढीच जबाबदारी असलेले अब्बा आहेत. पैगंबरसाहेब घरच्या कामात घरच्यांना हातभार लावत, हे आपण बयानात किती वेळा ऐकतो. ऐकून मान डोलावणाऱ्यांनी १७० ग्रॅम मैदा चाळून दाखवावा. यात लाटणं नाही, तळणं नाही, फोडणी नाही. मोजायचं, मिसळायचं, वाट बघायची आणि वेळेवर बाहेर काढायचं. सोळा वर्षांच्या मुलाला हे पहिल्याच वेळी जमावं. भांडीही त्यानेच घासावीत, एवढं मात्र आधीच ठरवून घ्या.

तिसरा आक्षेप, एवढ्या खटाटोपात मिळतं काय? बॉक्स विकत आणून शेजारी दिला तरी शेजारी खुशच होतो.

इथे मला अंड्याबद्दल बोलायचंय. आमच्या भागात रिकामा डबा परत करण्याची रीत नाही. दिवाळीला शेजारच्या काकूंकडून चकली, शंकरपाळी, करंजी आलेला डबा आपण धुऊन ठेवतो आणि ईदला भरून पाठवतो. आता त्या घरात माळकरी आजोबा असतात. ते अंडं खात नाहीत. आपल्या घरी ईदला मटण शिजतं, म्हणून आपल्या चुलीवरचा शिरखुर्मासुद्धा घ्यावा की न घ्यावा, असा संकोच काही घरांत असतो. त्यात रागावण्यासारखं काही नाही, ज्याचं त्याचं व्रत आहे. अशा वेळी डब्यात काय जातं याला महत्त्व येतं. गूळ, लोणी, मैदा, दही, खजूर. यातली एकही वस्तू त्यांच्या स्वयंपाकघरात परकी नाही. सुरतेच्या त्या गोष्टीतल्या भट्टीवाल्याने अंडं वगळलं ते सगळ्यांना खाता यावं म्हणून. आपणही तेच करतो. "आजोबा, अंडं नाही, भांडंही वेगळं घेतलंय" असं नातवाच्या वयाचा मुलगा डबा देताना सांगतो, तेव्हा कुकीबरोबर आणखी काहीतरी त्या घरात पोचतं. हे वाक्य बॉक्सवर छापून मिळत नाही.

आणि हे पोचण्याची आज गरज आहे. २०२५ साली पाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. एका दिवशी गुढी, दुसऱ्या दिवशी ईदगाह. असा योग जुळला की शेजाऱ्यांचे डबे एकमेकांना वाटेत भेटावेत. पण त्याच पाडव्याच्या पहाटे आपल्या जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या एका गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. दोघांना अटक झाली, पुढचं काम कायद्याचं आहे. पण त्या दिवशी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न होता, उद्याची ईद कशी जाईल? आणि अमक्या माणसाच्या बेकरीतून काही घेऊ नका, असे निरोप मोबाईलवर अधूनमधून फिरतातच.

कुकीने हे थांबेल असं मी म्हणत नाही. जिलेटिनला उत्तर पोलिसांनी आणि न्यायालयाने द्यायचं असतं. पण शेजाऱ्याबद्दलचा संशय मोठा होतो तो जाणं-येणं बंद झालेल्या दारांमागे. ज्या घरात गेल्या ईदला आपल्या मुलाच्या हातचं काही खाल्लं गेलं, त्या घरात मोबाईलवरचा निरोप वाचणारा निदान क्षणभर थांबतो. त्याला एक चेहरा आठवतो. विकतच्या बॉक्सला चेहरा नसतो, त्यावर दुकानाचं नाव असतं. म्हणून माझा आग्रह घरच्या वस्तूचा.

तेव्हा येत्या ईदची वाट बघू नका. कुठल्याही रविवारी निम्म्या मापाने एकदा करून बघा. पहिल्या खेपेला कढईची आच समजते, दुसऱ्या खेपेला वेळ समजते, तिसरी खेप शेजारी पाठवण्याजोगी होते. ईदला गोळे आधी वळून ठेवा, नमाजहून आल्यावर घरातल्या पोरांना भाजायला बसवा आणि डबे कोमट असतानाच पोचते करा. नानखटाईचा बॉक्स आणायचा असेल तर आणा, पाहुण्यांपुढे ठेवा. शेजारी जाणारा डबा मात्र आपल्या हातचाच भरा.